हेडलाइटचा करंट कुठे अडतो?

बॅटरी, मुख्य स्विच, डिपर स्विच, फ्यूज, बल्बचा होल्डर, बल्ब आणि तिथून गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरी. जुन्या मोटारीच्या हेडलाइटचे सर्किट एवढेच असते. पद्मिनी, अँबेसेडर किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० मध्ये दिव्यांवर नजर ठेवणारा संगणक नसतो, त्यामुळे बिघाड शोधायला टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर आणि दोन-तीन मीटर वायर पुरते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मारुती ८०० आणि अँबेसेडर यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. हौसेने जपलेल्या या गाड्या आजही पुष्कळ आहेत. इंजिन, रंग, सीट यांच्यावर खर्च झालेला असतो. वायरिंग मात्र बहुधा कारखान्यातून आलेलेच असते.

दिवा पेटत नाही म्हटले की पहिला संशय बल्बवर जातो. एकच दिवा पूर्ण विझला असेल तर तो संशय रास्त आहे. पण दोन्ही दिवे पिवळट पडणे, हॉर्न वाजवला की प्रकाश कमी होणे, खड्ड्यात आदळल्यावर दिवा लागणे किंवा जाणे, दहा मिनिटांनी आपोआप विझणे, या तक्रारींत बल्ब क्वचितच दोषी असतो. तिथे गुन्हेगार असतो एखादा सांधा. वरच्या वाटेवर दहा-पंधरा सांधे सहज असतात, आणि पंचवीस-तीस पावसाळे काढलेल्या गाडीत त्यांतला प्रत्येक जण थोडे व्होल्टेज खात असतो.

हे नुकसान किती मोठे असते ते आकड्यांवरून कळते. प्रचलित एच-४ हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ६० वॅटचे अप्परसाठी, म्हणजे लांबच्या झोतासाठी, आणि ५५ वॅटचे डिपरसाठी, म्हणजे जवळच्या झोतासाठी. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. दोन्ही बाजू मिळून १०. स्विचच्या आतल्या काळ्या पडलेल्या पॉइंटचा रोध केवळ दशांश ओहम भरला, तरी १० अँपिअरला तिथे एक व्होल्ट हरवतो. हरवलेला व्होल्ट कुठे जात नाही, त्याची उष्णता होते. एक व्होल्ट गुणिले दहा अँपिअर, म्हणजे नखाएवढ्या जागेत दहा वॅट. स्विचचे प्लास्टिक वितळते ते यामुळे. वायरचेही तसेच. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे साधारण १८ मिलिओहम असतो. अशा चार मीटर वायरमध्ये १० अँपिअरला पाऊण व्होल्टच्या आसपास जातो. वायर धडधाकट असली तरी.

बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी झाला असता तर याची फारशी फिकीर नव्हती. तसे होत नाही. टंगस्टनच्या फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घटले की प्रकाश तीस टक्के घटतो. एच-४ बल्बची मोजणी १३.२ व्होल्टवर केलेली असते, होल्डरपर्यंत ११.२ व्होल्टच पोचले, तर प्रकाश निम्म्याहून थोडाच अधिक उरतो आणि त्याचा रंग पिवळा पडतो. नवा बल्ब बसवून यात फरक पडत नाही. नवा बल्बही तेवढाच उपाशी राहतो.

तपासाची सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण तिथे दोष असेल तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते. रात्रभर उभी असलेली, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळपास दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती तीन-चतुर्थांश रिकामी आहे. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर अल्टरनेटरच्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर आकडा जात असेल तर व्होल्टेज रेग्युलेटर बिघडलेला आहे. अशा गाडीत दिवे झकास लागतात, पण बल्ब महिन्या-दोन महिन्यांत उडत राहतात. अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेल्या जुन्या फियाट आणि अँबेसेडरची गोष्ट वेगळी. डायनॅमो कमी आरपीएमला पुरेसा करंट देऊच शकत नाही. सिग्नलला थांबल्यावर दिवे मंदावणे आणि गाडी सुटल्यावर उजळणे हा तिथे बिघाड नव्हे, तो त्या यंत्राचा स्वभाव आहे. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र हेच लक्षण दिसले तर बेल्ट, चार्जिंग आणि बॅटरीचे टर्मिनल पाहावेत. टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवट थर गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. दहा मिनिटांच्या या कामाने अर्ध्या तक्रारी मिटलेल्या पुष्कळ मेकॅनिकांनी पाहिल्या आहेत.

त्यानंतर फ्यूज. पद्मिनीसारख्या, फियाटच्या घराण्यातल्या गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते, चिनी मातीचे किंवा प्लास्टिकचे फ्यूज असतात. पितळी पट्ट्यांच्या चिमटीत ते नुसते दाबून धरलेले असतात. पट्टीची स्प्रिंग ढिली पडते, टोकावर गंजाचा पातळ थर चढतो, आणि फ्यूज शाबूत असूनही करंट जात नाही. बोटाने फ्यूज जागच्या जागी फिरवला आणि दिवा लागला, तर निदान झाले. फ्यूज काढून दोन्ही टोके व पट्ट्या घासाव्यात, पट्ट्या किंचित आत वाकवून चिमटा घट्ट करावा. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे किंवा तांब्याची तार बांधणे हा रस्त्याकडेचा जुना इलाज आहे. तो गाडीला आग लावणारा इलाज आहे, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये उलट परिस्थिती होती: हेडलाइटच्या लाइनला अनेकदा फ्यूजच नसे. अँबेसेडरचे मूळ असलेल्या मॉरिसचे वायरिंग याच परंपरेतले. अशा गाडीत वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर जळते ती वायरच, त्यामुळे मूळ वायरिंग ठेवायचे असले तरी एक फ्यूज वाढवून घेणे शहाणपणाचे.

आता खरे काम. होल्डर काढून मल्टिमीटर लावला, साडेबारा व्होल्ट आले, म्हणून वायरिंग ठीक आहे असे ठरवणे ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक. मल्टिमीटर जवळजवळ शून्य करंट घेतो. गंजाने अर्धी बुजलेली पाइपलाइन असली तरी नळ बंद असेपर्यंत दाब पूर्ण दिसतो आणि नळ उघडला की करंगळीएवढी धार येते, तसेच हे. सांध्यात फक्त तांब्याचा एक तंतू शाबूत राहिला असला तरी मीटर साडेबारा दाखवेल. बल्ब जोडला की तो आकडा खाली येईल. म्हणून मोजणी नेहमी होल्डर बल्बला जोडलेला ठेवून, दिवा लावून, होल्डरच्या मागून पिन खुपसून करावी. रस्त्यावरचा वायरमन मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवतो त्याचे कारण हेच: टेस्ट लॅम्पमधला बल्ब स्वतः करंट ओढतो, त्यामुळे लुळा सांधा त्याला फसवू शकत नाही. मात्र आजकाल मिळणारे एलईडीचे टेस्टर अगदी कमी करंट घेतात. ते मीटरसारखेच फसतात.

नेमका तोटा कुठे आहे ते शोधण्याची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद, दिवे चालू. मीटरची लाल वायर बॅटरीच्या धन टोकावर आणि काळी होल्डरच्या धन पिनेवर धरावी. जो आकडा येईल ते त्या बाजूला हरवलेले व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल; दीड-दोन व्होल्ट येत असतील तर वाटेत कुठेतरी मोठी गळती आहे. आता काळी वायर एकेक टप्पा मागे आणावी: फ्यूजच्या दोन्ही बाजूंना, मग डिपरच्या आउटपुटला, मग इनपुटला, मग मुख्य स्विचच्या दोन्ही बाजूंना. जिथे आकडा एकदम खाली येतो, त्या दोन टप्प्यांच्या मध्ये दोष. हीच मोजणी अर्थच्या बाजूला करावी, म्हणजे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे होल्डरच्या अर्थ पिनेवर. तिथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. काही फार जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. तिथे हीच पद्धत चिन्हे उलट धरून वापरावी.

अर्थच्या बाजूवर थोडे थांबायला हवे, कारण जुन्या गाडीतले सर्वाधिक आणि सर्वांत विचित्र बिघाड तिथे असतात. धन बाजूची वायर सगळ्यांना दिसते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा असल्याने तो कुणाच्या लक्षातच येत नाही. होल्डरमधून निघालेली काळी वायर रेडिएटरच्या पट्टीवर किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला एका स्क्रूखाली दाबलेली असते. तो स्क्रू गंजतो. गाडीला नवा रंग मारला की वायरच्या टोकावरच्या थिंबलखाली रंगाचा थर येतो, आणि रंग हा उत्तम इन्सुलेटर आहे; रंगकाम करून आणलेल्या गाडीचे दिवे मंद झाले तर दुसरीकडे शोधूच नये. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने गंजण्याचे काम निम्म्या वेळात होते. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली जाड अर्थ पट्टी तुटली असेल, तर अल्टरनेटरचा करंट बॉडीपर्यंत यायला भलतीच वाट शोधतो, कधी क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून सुद्धा.

एका बाजूचा अर्थ पूर्ण तुटला की काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. समजा डावीकडचा अर्थ गेला आणि डिपर चालू आहे. डाव्या बल्बच्या डिपर फिलामेंटमध्ये शिरलेल्या करंटला पत्र्याकडे जाता येत नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा निघतो, अप्परच्या वायरने उजव्या बल्बपर्यंत जातो आणि त्याच्या अप्पर फिलामेंटमधून तिकडच्या अर्थला पोचतो. तीन फिलामेंट एकापाठोपाठ जोडले गेल्याने प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चार व्होल्ट येतात. डावा दिवा लालसर मिणमिणतो, उजवा जवळपास नीट लागतो आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा, डिपर चालू असतानाही, फिका पेटतो. हे लक्षण ज्याला माहीत नाही तो डिपर स्विच उघडून बसतो. ज्याला माहीत आहे तो एका वायरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे होल्डरच्या अर्थ पिनेला लावतो. दिवा झळकला की निकाल लागला. इंडिकेटर देताना हेडलाइटही लुकलुकतो तेव्हाही असेच असते: दोन दिवे एकाच खराब अर्थमध्ये भागीदार आहेत.

मात्र इथे एक खबरदारी. जपानी धाटणीच्या काही गाड्यांत वायरिंग उलटे असते. बल्बच्या सामाईक पिनेला फ्यूजमधून थेट धन पुरवठा येतो आणि डिपर स्विच अर्थच्या बाजूला, म्हणजे बल्बच्या पलीकडे असतो. अशा गाडीत वर वर्णन केलेले मिणमिणणे हुबेहूब दिसते, पण कारण अर्थ नसून त्या बाजूचा उडालेला फ्यूज असतो. अशा गाडीत ‘अर्थ पीन’ समजून भलत्याच पिनेला थेट अर्थ दिला, तर दिवा कायमचा पेटून बसतो. त्यामुळे काहीही जोडण्याआधी होल्डरच्या तिन्ही पिना टेस्ट लॅम्पने तपासून कुठली काय आहे हे ठरवावे. लुकासच्या वायरिंगमध्ये रंग मदतीला येतात: स्विचकडून डिपरकडे निळी, पुढे अप्परला निळी-पांढरी, डिपरला निळी-लाल आणि अर्थला काळी. अर्थात मधल्या मालकांनी मिळेल त्या रंगाच्या वायरी जोडलेल्या नसतील तर.

दोन्ही दिव्यांचे फक्त अप्पर किंवा फक्त डिपर गेले असेल, तर बल्ब आणि अर्थ दोन्ही निर्दोष धरून डिपर स्विचकडे वळावे. दोन्हीकडचे एकच फिलामेंट एकाच वेळी जळणे दुर्मीळ. जुन्या काही गाड्यांत हा स्विच क्लचशेजारी पायाने दाबायचा असे आणि ओल्या चपलेचे पाणी, चिखल त्याच्यात झिरपे. स्टीअरिंगवरच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये पाण्याचा त्रास नाही, पण पॉइंट जळतात, आतले ग्रीस वाळून चिकट होते. पॉइंट कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन आणि बारीक पॉलिश पेपरने हलके पुसून काही काळ चालतात. वितळलेला स्विच बदलण्याला पर्याय नाही. काही गाड्यांच्या, विशेषतः अमेरिकी गाड्यांच्या, हेडलाइट स्विचमध्ये द्विधातूच्या पट्टीचा ब्रेकर असतो. तो तापला की दिवे विझतात, निवला की लागतात. ठरावीक अंतराने दिवे जात-येत असतील तर तो आपले काम करतो आहे आणि करंट कुठेतरी जास्त वाहतो आहे, हे ओळखावे.

फ्यूज लावताक्षणी उडत असेल तर शोध शॉर्टचा. दोन्ही बल्बचे होल्डर काढून ठेवावेत, फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावावा आणि हेडलाइटचा स्विच चालू करावा. बल्ब सर्किटमध्ये नसताना टेस्ट लॅम्प प्रखर पेटला, तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. मग वायरिंगचा जुडगा हळूहळू हलवत जावे. लॅम्प विझला तीच जागा. पत्र्याच्या भोकातला रबरी ग्रोमेट गळून पडलेली जागा, हेडलाइटच्या वाटीच्या मागची बाजू, स्टीअरिंगच्या दांड्याजवळचे वळण आणि उंदरांनी कुरतडलेला भाग आधी पाहावा. इथे एक फसवा आकडा ध्यानात ठेवावा. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. ६० वॅटचे फिलामेंट पेटल्यावर २.४ ओहमचे असते, पण थंड असताना मीटर पाव ओहम दाखवतो. बल्ब लावलेला ठेवून ओहम मोजले तर चांगले सर्किटसुद्धा शॉर्ट वाटते.

तुटलेली वायर नुसती पीळ देऊन टेप गुंडाळणे फार दिवस टिकत नाही. टेपचा गोंद उन्हाने सुटतो, आत पाणी जाते आणि तांबे हिरवे पडून भुगा होते. हिरवेपणा स्लीव्हच्या आत दूरवर शिरलेला असतो, म्हणून चकाकणारे तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापावी, पंचिंग प्लायरने थिंबल दाबावी आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी. होल्डर तपकिरी झाला असेल तर बदलावाच. जळलेल्या पिनेची स्प्रिंग मेलेली असते, ती घासून परत येत नाही.

सांधे दुरुस्त करूनही एक-दीड व्होल्ट जातच असतील, तर मूळ रचनाच तोकडी आहे असे समजावे. बल्बचा सगळा करंट स्टीअरिंगपर्यंत जाऊन परत पुढे यावा अशीच ती रचना होती. यावर रामबाण उपाय रिले. त्यात स्विचकडून येणारा करंट फक्त रिलेच्या कॉइलला लागतो, सुमारे ०.१५ ते ०.२ अँपिअर, बल्बला बॅटरीपासून जाड वायरीने थेट पुरवठा होतो. रिलेवर छापलेल्या आकड्यांत ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, ३० हा बॅटरीकडून येणारा पुरवठा आणि ८७ बल्बकडे जाणारा. अप्परला एक, डिपरला एक असे दोन रिले, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीला शक्य तितका जवळ १५ अँपिअरचा फ्यूज एवढे सामान लागते. तयार किटही मिळते. बल्बच्या अर्थसाठीही तितकीच जाड वायर टाकली नाही तर अर्धा फायदा वाया जातो. डिपर अर्थच्या बाजूला असलेल्या गाडीत साधे किट जसेच्या तसे चालत नाही. तिथे कॉइलची जोडणी उलटी करावी लागते.

मंद प्रकाशावर १००/९० वॅटचा बल्ब हा बाजारातला लोकप्रिय आणि चुकीचा उपाय आहे. दोन बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात. लुळ्या सांध्यांत त्यामुळे आणखी जास्त व्होल्टेज हरवते, प्रकाश अपेक्षेइतका वाढत नाही आणि स्विच जळतो. एलईडीचा बल्ब एच-४ च्या वाटीत घातला की करंटचा प्रश्न सुटतो, पण ती वाटी फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली असते. एलईडीची चिप त्या जागेवरून थोडी जरी सरकली तरी उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. नवा बल्ब घेताना बैठकही पाहावी. जुन्या ४५/४० वॅटच्या बल्बची बैठक पी-४५-टी, एच-४ ची पी-४३-टी. एक दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही. बल्बच्या काचेला बोट लावू नये, लागलेच तर स्पिरिटने पुसावे.

इंजिन चालू असताना होल्डरवर १३ व्होल्टच्या वर मिळत आहेत, बल्ब नवा आहे, आणि तरीही रस्ता दिसत नाही, असे झाले तर वायरिंगला दोष देणे थांबवावे. काच काढून रिफ्लेक्टर पाहावा. त्याची चांदी काळवंडली किंवा पोपडे धरून सुटली असेल, तर मेणाने किंवा पॉलिशने ती परत येत नाही. दिव्याची वाटी बदलावी लागते, आणि त्यानंतर भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस पुन्हा लावून घ्यावा लागतो.